पटवणं आणि पटणं

होस्टेलमध्ये गेम खेळणाऱ्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारातले लोक दार सताड उघडं ठेवून खेळतात. क्रिकेट, फुटबॉल, गाड्या, गोळीबार... आणि आरडाओरडा एवढा, की खालच्या मजल्यावरच्याला घरबसल्या स्कोअर कळावा. दुसऱ्या प्रकारातले लोक मात्र कडी लावून, हेडफोन घालून खेळतात. त्यांच्याबद्दल भलतेसलते गैरसमज करून घेऊ नका. ते बिचारे रोल-प्लेइंग गेम खेळत असतात आणि पडद्यावरच्या एखाद्या तलवारबाज बाईला अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारत असतात, "तुझं लहानपण कुठे गेलं?"

विंगमधल्या कुणी विचारलंच तर यांची उत्तरं ठरलेली. "स्टोरी भारी आहे रे!" किंवा "लढाईची सिस्टीम बघ ना कसली आहे!" खरं कारण कुणी सांगत नाही. खरं कारण हे, की गेममध्ये सोबत हिंडणाऱ्या एखाद्या पात्रावर त्याचा (किंवा तिचा) जीव जडलेला असतो आणि पुढच्या मुक्कामावर ते पात्र काय बोलणार याची उत्सुकता लागलेली असते. आज मला या दुसऱ्या प्रकारच्या लोकांची बाजू मांडायची आहे. माझं म्हणणं सरळ आहे. ही एक निखळ, निरुपद्रवी गंमत आहे आणि तिची लाज वाटायचं काहीच कारण नाही. फक्त तिच्यात एक गोम आहे, आणि ती आपल्या मराठीतल्या दोन शब्दांत बरोबर पकडता येते : पटवणं आणि पटणं. त्याकडे येतोच.

ज्यांनी असा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी (आणि कुतूहल म्हणून वाचणाऱ्या सर-मॅडमसाठी) आधी थोडक्यात फंडा सांगतो. गेममध्ये तुम्ही नायक किंवा नायिका. जग वाचवायची जबाबदारी नेहमीप्रमाणे तुमच्यावर. पण वाटेत माणसं भेटत जातात आणि तुमच्या टोळीत सामील होतात. एखादी चेटकीण, एखादा घरातून पळालेला सरदारपुत्र, एखादा परग्रहावरचा बंदूकबाज. दिवसभर राक्षस मारायचे, रात्री मुक्काम टाकायचा आणि शेकोटीपाशी गप्पा मारायच्या. समोरचा काहीतरी बोलतो, तुमच्यापुढे तीन-चार उत्तरं येतात, त्यातलं एक निवडायचं. अशा गप्पा वाढत वाढत कधी मैत्री होते, कधी भांडण होतं आणि कधी प्रेम. एवढंच! पण गंमत अशी, की गेम संपल्यावर शंभर लढाया विसरल्या जातात आणि शेकोटीजवळची ती पाच मिनिटं लक्षात राहतात.

हे काही आजचं खूळ नाही. १९९७ साली आलेल्या जपानच्या 'फायनल फँटसी सेव्हन'मध्ये एक झकास प्रसंग आहे. गोल्ड सॉसर नावाच्या जत्रेसारख्या ठिकाणी नायक क्लाउड एका रात्री कुणाबरोबर तरी फिरायला जातो. कुणाबरोबर, हे आधीच्या कित्येक तासांत तुम्ही कुणाशी कसे वागलात, फूल कुणाला दिलंत, यावरून आतल्या आत ठरलेलं असतं. हिशेब पडद्यावर दिसत नाही. बहुतेकांच्या नशिबी एअरिथ किंवा टिफा येते. पण त्या दोघींशी आणि युफीशी सारखे तुसडेपणाने वागलात, तर फिरायला नेण्यासाठी हजर होतो बॅरेट... एका हाताच्या जागी मशीनगन बसवलेला धिप्पाड गडी! आणि मग हे दोघे बाप्ये एका पाळण्यात बसून रोषणाई बघतात. खेळणाऱ्याचा इतका प्रेमळ पोपट मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पुढे २००० साली कॅनडातल्या एडमंटनच्या बायोवेअर कंपनीचा 'बाल्डर्स गेट टू' आला. यातली जाहीरा माझी विशेष आवडती. तिचा नवरा खालिद गेमच्या सुरुवातीलाच मारला गेलेला असतो. तिच्याशी सूत जुळवायचं म्हणजे आधी बराच काळ तिचं दुःख ऐकून घ्यायचं. आणि इथे बोलणं सुरू करणं तुमच्या हातातच नाही. ठरावीक वेळ गेला की ती आपणहून येते आणि बोलायला लागते. मग तुम्ही अंधाऱ्या तळघरात असा नाहीतर भर बाजारात! त्याच वेळी तुम्ही टोळीतल्या एअरीकडेही फिल्डिंग लावून ठेवली असेल, तर एक दिवस दोघींची जुंपते आणि तुम्हाला तिथल्या तिथे निर्णय द्यावा लागतो. आपल्या कँटीनमध्ये हे घडायला एक सेमिस्टर लागतं.

आता गोमेकडे येतो. २००९ साली याच बायोवेअरने 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' काढला आणि तिथे हा सगळा मामला उघड उघड आकड्यांत आला. प्रत्येक सोबत्याचं तुमच्याबद्दलचं मत म्हणजे उणे शंभर ते अधिक शंभर यांच्यामधला एक आकडा. तुम्ही काही बोललात की पडद्यावर झळकतं : अधिक पाच, उणे तीन. म्हणजे आपल्या सी प्रोग्रॅमिंगच्या लॅबमधला साधा इंटिजर आणि वर चार इफ-एल्स! आकडा अमुक एका हद्दीच्या वर गेला की पुढचं संभाषण उघडतं.

आकडा दिसला की इंजिनिअरिंगचा विद्यार्थी काय करणार? तो ऑप्टिमाइझ करणार! मॉरिगन नावाची चेटकीण आहे. तिला दागिने आवडतात, म्हणून दागिने गोळा करायचे. तिला परोपकाराचा तिटकारा आहे, म्हणून एखाद्या गरिबाला मदत करायची असेल तर तिला मुक्कामावरच सोडून जायचं. तिने पाहिलंच नाही तर मार्क कापणार कोण? एक्स्टर्नल यायच्या आत रीडिंग जुळवून ठेवण्यातलाच हा प्रकार. अ‍ॅलिस्टरला छोट्या मूर्ती द्यायच्या, ओग्रेनला दारू पाजायची. गेम करणाऱ्यांनाही हे कळत होतं म्हणा. एकापाठोपाठ भेटी देत गेलात की प्रत्येक पुढच्या भेटीचा भाव उतरतो. पण दुकानदारी ती दुकानदारीच. या सगळ्यात एकच जण असा आहे ज्याचं प्रेम पहिल्या दिवसापासून शंभरपैकी शंभर, काही द्या अथवा न द्या. तो म्हणजे टोळीतला कुत्रा. हे मात्र अगदी वास्तवाला धरून आहे!

तर हे झालं 'पटवणं'. गंमत यातही आहे, नाही असं नाही. कोडं सोडवल्याची मजा येते. पण एकदा उत्तर सापडलं की समोर माणूस उरत नाही, चहाचं मशीन उरतं. नाणं टाका, कप घ्या.

'पटणं' म्हणजे काय, हे मला 'मास इफेक्ट'मध्ये दिसलं. २००७ साली पहिला भाग आला तेव्हा गॅरस आणि टाली ही दोन पात्रं फक्त सोबती होती, त्यांच्याशी प्रेमबीम जुळत नव्हतं. आणि का जुळावं? गॅरस हा ट्यूरियन, म्हणजे पक्षी आणि सरडा यांच्या मधला काहीतरी, चेहरा हाडांच्या चिलखतासारखा. टाली तर कायम सीलबंद पोशाखात. तिच्या लोकांची प्रतिकारशक्ती इतकी कमी, की मुखवटा काढला तर आजारी पडायची भीती. पहिल्या दोन भागांत तिचा चेहरासुद्धा आपल्याला दिसत नाही. हिरो-हिरॉइन म्हणून यांना आपल्याकडच्या एकाही निर्मात्याने उभं केलं नसतं. पण खेळणाऱ्यांनी हट्टच धरला, की आम्हाला हेच दोघे हवेत! २०१० च्या दुसऱ्या भागात बायोवेअरने तो पुरवला.

लोकांना हे दोघे का आवडले असतील? चेहऱ्यासाठी नक्कीच नाही. भेटवस्तूंचा बाजार तिथे नव्हताच. ती दोघं पहिल्यापासून बरोबर लढली होती, टोमणे मारत होती, आपापल्या घरच्या भानगडी सांगत होती, म्हणून आवडली. आणि प्रेमात पडल्यावर ती कशी वागतात बघा. गोळ्यांच्या वर्षावात न डगमगणारा गॅरस वाइनची बाटली घेऊन खोलीवर येतो, गाणं लावतो आणि ओरलला उभ्या राहिलेल्या फर्स्ट इयरच्या पोरासारखा ततपप करायला लागतो. टाली तर भेटायच्या आधी अँटिबायोटिक्सचा कोर्स करून येते! मी अनेक प्रेमकथा पाहिल्यात, पण औषधं घेऊन तयारीनिशी आलेली नायिका हीच. हसू येतं, आणि हसता हसता ती आणखी आवडायला लागते.

पटणं म्हणजे प्रत्येक गोष्टीला मान डोलावणं, असंही नाही बरं का. २०११ च्या 'ड्रॅगन एज टू'मध्ये मोजपट्टीच्या एका टोकाला मैत्री होती आणि दुसऱ्या टोकाला चुरस. सतत वाद घालूनसुद्धा प्रेम जमू शकायचं. पंचाईत व्हायची ती मध्ये अडकलेल्यांची, म्हणजे ज्यांनी कशावरच ठाम मत दिलं नाही त्यांची. आपल्याकडचे ग्रुप डिस्कशनचे मास्टर लोक इथे साफ नापास!

पण माझ्या मते या गेमनी सर्वांत चांगली कुठली गोष्ट केली असेल, तर पात्रांना 'नाही' म्हणायला शिकवलं. २०१४ च्या 'ड्रॅगन एज : इन्क्विझिशन'मध्ये डोरियन या जादूगाराला पुरुष आवडतात. नायिका म्हणून खेळत असाल तर कितीही गोड बोला, तो उत्तम मित्र होईल, बाकी काही नाही. सेराला फक्त बायका आवडतात. वॅरिक तर कुणालाच भाव देत नाही. त्याने आपल्या धनुष्याला 'बियांका' असं बाईचं नाव ठेवलंय आणि तो त्यातच खूश. तुम्ही ड्रॅगन मारा, आकाशाला पडलेलं भगदाड बुजवा, उत्तर बदलत नाही. आणि होकार मिळतो तिथेही मजा बघा. कॅसँड्रा ही करारी, रागीट, सरळ तलवारीला हात घालणारी बाई. ती चोरून काय वाचते? वॅरिकने लिहिलेली प्रेमाची चावट मालिका! आणि आपल्यावर प्रेम करणाऱ्याने कविता, मेणबत्त्या, फुलं असं सगळं साग्रसंगीत करावं, अशी तिची मनापासून इच्छा असते. ते करायचं म्हणजे आधी ती कोण आहे हे कळायला हवं. नुसता आकडा वाढवून भागत नाही.

दोन डगरींवर हात ठेवणाऱ्यांसाठी पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने २०१५ च्या 'विचर थ्री'मध्ये खास सोय करून ठेवली आहे. ट्रिस आणि येनेफर, दोघींनाही "तूच माझी" असं सांगितलंत तर दोघी मिळून नायक गेराल्टला भेटायला बोलावतात. गडी खूश होऊन जातो. दोघी मिळून त्याला पलंगाला बांधतात... आणि निघून जातात. खल्लास! पुढचा सगळा गेम एकट्याने खेळायचा.

आणि आता २०२३ सालचा 'बाल्डर्स गेट थ्री'. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या लॅरियन स्टुडिओजचा हा गेम त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट ठरला. तो आला तेव्हा एक मजेदार तक्रार होती. सोबती फारच लवकर गळ्यात पडतात! दोन शब्द बरे बोलावेत तर समोरचा चांदण्यात फिरायला न्यायला तयार. लॅरियनचे प्रमुख स्वेन विन्के यांनी नंतर सांगितलं, की तो चक्क एक बग होता. पसंतीच्या हद्दीचा आकडा चुकून फार खाली राहिला होता. म्हणजे जगभरातल्या हजारो लोकांना वाटत होतं की आपल्या बोलण्यात काहीतरी जादू आहे, आणि खरा दोष होता एका थ्रेशोल्डचा! कॉम्प्युटरवाल्यांनो, टेस्टिंगचा पेपर हलक्यात घेऊ नका.

याच गेममधली कार्लाक ही आमच्या मेकॅनिकलवाल्यांची लाडकी असायला हवी. तिच्या छातीत हृदयाच्या जागी नरकातलं इंजिन बसवलंय. ते एवढं तापतं, की तिला हात लावणारा भाजून निघतो. दहा वर्षं तिला कुणाला साधी मिठी मारता आलेली नाही. थोडक्यात, कूलिंगअभावी प्रेमकथा अडली आहे! मग डॅमन नावाच्या लोहाराला शोधायचं, खास प्रकारचं लोखंड मिळवायचं, दुरुस्ती एकदा करायची, परत एकदा करायची... आणि मग कुठे ती कुणाला तरी स्पर्श करू शकते. या पूर्ण खटाटोपात ती इतकी मोकळी, हसरी आणि दिलदार आहे, की शेवटी आनंद तिच्यासाठी होतो, आपल्याला काय मिळालं यासाठी नाही.

अ‍ॅस्टेरियनची गोष्ट याच्या उलट. हा दिसायला राजबिंडा, बोलण्यात चावट, आणि पहिल्याच भागात स्वतःच गळ टाकून बसलेला. पुढे कळतं की दोनशे वर्षं एका रक्तपिपासू मालकाच्या गुलामीत त्याला हेच काम होतं, गोड बोलून माणसं फसवून आणायची. तुम्हालाही तो आधी संरक्षणासाठीच 'पटवत' होता, हे तो नंतर स्वतः कबूल करतो. त्याच्या मनाविरुद्ध एक गोष्ट करायला त्याला कुणीतरी सांगतं, तेव्हा तुम्ही जबरदस्ती केली नाहीत, त्याचं 'नाही' हे 'नाही'च मानलंत, तर हे नातं खऱ्या अर्थाने सुरू होतं. पटवण्याचा खेळ संपतो आणि पटायला लागतं. या भूमिकेला आवाज आणि अभिनय देणाऱ्या नील न्यूबन यांना २०२३ साली उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मिळालं, ते उगाच नाही.

आता थोडं पडद्याबाहेर. टपरीवर कटिंग घेताना कान उघडे ठेवा. "अमक्याने तमकी पटवली." "फिल्डिंग लावून दोन महिने झाले, भाव देत नाही." "अख्खं जर्नल लिहून दिलं राव, आणि साधं थँक्यू म्हणून निघून गेली." ही भाषा कुठून आली? गेममधून नाही. गेम यायच्या कितीतरी आधी सिनेमाने आणि आपल्या कट्ट्यांनी ती शिकवली होती. गेमने फार तर त्यावर आकडा छापला. जर्नल लिहून दिलं, अधिक दहा. झेरॉक्स आणून दिल्या, अधिक पाच. ग्रुप प्रोजेक्टमध्ये तिच्या वाटचं कोडिंग केलं, अधिक पंधरा. मग हद्द ओलांडली तरी पुढचं संभाषण का उघडत नाही? बग आहे का?

बग नाही मित्रांनो. समोर इंटिजर नाहीये, माणूस आहे. तिने तुमची मदत घेतली ती मदत म्हणून. तिच्या डोक्यावर कुठला आकडा तरंगत नव्हता. आणि या हिशेबाचा त्रास कुणाला होतो ते गर्ल्स होस्टेलमध्ये विचारा. साध्या क्लासमेटकडून नोट्स घेतानाही "हा पुढे वसुली तर करणार नाही ना?" असा विचार करावा लागतो. ही काही गमतीची गोष्ट नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की पटवायची हौस असेल ती पडद्यावर खुशाल भागवा. तिथे कुणाचं नुकसान होत नाही. मीटर मात्र पडद्यावरच राहू द्या.

"खऱ्या मुलीशी बोलायची हिंमत नाही म्हणून हे धंदे," असं म्हणणारे लोक प्रत्येक विंगमध्ये दोन तरी असतात. त्यांना माझा एक प्रश्न आहे. लहानपणी भातुकली खेळणाऱ्या पोराला "तुझ्या घरी जेवण मिळत नाही का?" असं कुणी विचारतं का? बोळक्यात चुरमुऱ्यांचा भात शिजतो, पाहुणे येतात, रुसवेफुगवे होतात, सगळे पोटभर जेवल्याचं नाटक करतात आणि संध्याकाळी खऱ्या जेवायला घरी पळतात. ही आमची मोठेपणीची भातुकली आहे. कादंबरीतल्या नायिकेवर भाळलेल्याला आपण रसिक म्हणतो, मग गेममधल्या कार्लाकवर जीव लावणाऱ्याला येडा का म्हणायचं?

उलट बाजूने, "यातून मुलींशी बोलायची प्रॅक्टिस होते" असं सांगणारेही भेटतात. तेही मला पटत नाही. गेममध्ये उत्तरं लिहून समोर येतात, आपण फक्त निवडायची. कॉरिडॉरमध्ये कुणी समोर आलं तर चार पर्याय तरंगत नाहीत. गेममध्ये पसंतीचं वाक्य चुकलं तर एफ-आठ दाबून मागे जाता येतं. एफ-आठची सोय व्हायव्हालासुद्धा नाही, तर आयुष्यात कुठून असणार! आणि म्हणूनच तर गेममध्ये हलकं वाटतं. तिथे उद्धट उत्तर देऊन बघता येतं, परग्रहावरच्या बंदूकबाजाशी गुलूगुलू करता येतं, मुलाने नायिका होऊन खेळता येतं, मुलीने सरदार होऊन. कुणाचं मन खरोखर मोडत नाही. भातुकलीला स्वयंपाकाचा क्लास म्हटलं की तिची मजा जाते, तसंच हेही आहे.

शेवटी ज्यांनी अजून हा प्रकार केलेला नाही त्यांच्यासाठी दोन सूचना. भारी ग्राफिक्स कार्ड नसेल तर अडून बसू नका. जुना 'बाल्डर्स गेट टू' साध्या लॅपटॉपवरही मजेत चालतो. आणि पहिल्या वेळी तरी कुणाला काय आवडतं याची तयार यादी शोधू नका, की प्रत्येक वाक्यानंतर मागे जाऊन मार्क सुधारू नका. मनात येईल ते बोला. जाहीरा रडली तर ऐकून घ्या, डोरियन नाही म्हणाला तर मैत्री करा. आणि नशिबी बॅरेट आलाच, तर त्याच्याबरोबर खुशाल पाळण्यात बसा. रोषणाई त्यालाही आवडते.